बाराव्या वर्तुळातले दव

हवालदार,

तुम्ही गेल्यापासून माझे स्तोत्र संपत नाही. पूजेला बसतो, शेवटचा श्लोक होतो, आणि ओठ आपोआप पहिल्या श्लोकाकडे वळतात. परवा समईतले तेल संपून ज्योत विझली, तरी मी म्हणतच होतो. शेवटी घरातून हिने येऊन खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, कुणाची वाट पाहता आहात? उत्तर तिला ठाऊक नसले तरी तुम्हांला ठाऊक आहे.

सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ तुम्हांला आठवत असेल. अनगोळच्या शाळेमागच्या मैदानावर तुम्ही सात-आठ जणांना बैठका आणि जोर शिकवीत होतात, आणि मी काठी टेकत मैदानाला फेऱ्या घालीत होतो. तुमच्या शिट्टीवरून आसपासच्या घरांनी तक्रार केली होती. मोबाईलवर वेळ लावावी, तर त्यावरचे आकडे व्यायाम करणाऱ्यांना धुक्यात दिसत नव्हते. मी पुटपुटत जवळून गेलो तेव्हा तुम्ही मला थांबविलेत आणि अत्यंत गंभीरपणे विचारलेत, की गुरुजी, तुमचा एक श्लोक किती सेकंदांचा? पन्नास वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसाला असा प्रश्न कुणी केला नव्हता. मला तो आगाऊपणा वाटला. तरी मी एक श्लोक म्हटला आणि तुम्ही मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिलात. चौदा. पुन्हा म्हणायला लावलेत. चौदा. तिसऱ्यांदाही चौदा.

"घड्याळाला लाज आणली की वो तुम्ही," असे म्हणून तुम्ही हसलात.

तेव्हापासून आपल्या मैदानाचे परिमाण ठरले. तीन श्लोक व्यायाम, एका श्लोकात जागा बदलायची. मी मध्ये उभा राहून म्हणत असे, आणि तुम्ही माणसांमधून फिरत त्यांचे गुडघे, खांदे, कंबर पाहत असा. थांबण्याचा शब्द मात्र तुमचा. कुणाचे हात थरथरू लागले की तुम्ही "बास" म्हणत असा. मग तीन श्लोक झालेले असोत वा दीड; माणसे थांबत, आणि मी उरलेला श्लोक मनात पुरा करीत असे. मी मोजायचे आणि तुम्ही थांबवायचे, हा आपल्यातला करार कधी उच्चारला गेला नाही. म्हणूनच तो सहा वर्षे टिकला असावा.

आरंभी मला संकोच होता. स्तोत्र हे देवापुढे म्हणायचे. त्यावर बेडूकउड्या माराव्यात, हे माझ्या गुरूंना रुचले नसते. मी तो संकोच तुमच्यापाशी बोलून दाखविला. तुम्ही म्हणालात, "आमच्या आज्याच्या कानांवर हे पडलेलं लोकांना चालत न्हवतं. आता नातू त्यावर जोर मारतोय. देवाला चालतंय का बघा, न्हायतर मी शिट्टी आणतो परत." तुमच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. त्या दिवसानंतर मी संकोच सोडला. खरे म्हणजे, आपण ज्याला संकोच म्हणतो त्यातले बरेचसे दुसरेच काही असते, हे मी वयाच्या सत्तराव्या वर्षी शिकलो. त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. आता मानतो.

मग यंदा तुमच्या डोक्यात ते शिबिर आले. तुमच्या लेकीने, सुजाताने, निपाणीहून तुम्हांला मोबाईलवर काही दाखविले होते, आणि तुम्ही 'बूटकॅम्प, बूटकॅम्प' म्हणत आलात. मी अर्थ विचारला. तुम्ही सांगितलेत की फौजेत भरती झालेल्या पोरांना पहिल्या महिन्यात जे सोसावे लागते, ते हल्ली शहरातली माणसे हौसेने करतात. मंगलाक्का तिथेच होती. पहाटे व्यायाम आणि मग दिवसभर खानावळीच्या चुलीपुढे उभे राहणे, हा तिचा नेम. ती म्हणाली, हौसेनं सोसायला आम्हांला काय कमी हाय का?

तुम्ही मात्र ते मनावर घेतलेत. एकही उपकरण नाही, दोरी नाही, वजने नाहीत. स्वतःचे शरीर आणि मैदान, एवढ्यावर चाळीस माणसांचा दोन तासांचा व्यायाम बसवायचा. माघातला एक रविवार ठरला. खानापूरहून, निपाणीहून, जांबोटीच्या दोन वाड्यांवरून माणसे येणार होती. तुम्ही चुन्याच्या फक्कीने मैदानावर बारा वर्तुळे आखलीत. एका वर्तुळात बैठका, दुसऱ्यात जोर, तिसऱ्यात चार पायांवर अस्वलासारखी चाल, चौथ्यात शाळेच्या भिंतीला पाठ लावून खुर्चीविना बसणे. पायांना काम दिले की पुढच्या वर्तुळात हातांना द्यायचे आणि त्यानंतर पोटाला, म्हणजे एक अवयव राबताना दुसरा श्वास घेईल. मला त्यात छंदाची बांधणी दिसली. गुरू अक्षरानंतर लघू आले की जीभ थकत नाही, हे मी तुम्हांला सांगितले, आणि तुम्ही ते वहीत लिहून घेतलेत. शेवटी सर्वांनी मिळून एकदमच प्लँक करायचा. कोपरे जमिनीला, शरीर फळीसारखे ताठ, तोंड खाली. तुम्ही स्वतः बाराव्या वर्तुळात, सर्वांसमोर.

आणि मग तो वाद झाला.

तुम्ही म्हणालात की चाळीस माणसे अनोळखी असतील, मला एकट्याला सगळ्यांचे गुडघे दिसणार नाहीत. म्हणून "बास" म्हणायचा हक्क त्या दिवशी सगळ्यांना देऊ. ज्याला वाटेल त्याने म्हणावे, आणि सगळ्यांनी थांबावे. मी विरोध केला. अधिकार हा शब्द मी आयुष्यभर शिकविला आहे. आज्ञा एकाच मुखातून यावी, नाही तर शिस्त राहत नाही, ज्याला कंटाळा आला तो ओरडेल, माझा श्लोक दर वेळी मध्येच तुटेल. श्लोक अर्ध्यावर सोडणे हा दोष आहे, असेही मी म्हणालो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गुरुजी, फौजेत हेच मी पोरांना शिकवत होतो. पण ही फौज न्हाय. इथं लोकं आपलं गुडघं घेऊन येत्यात."

मी ऐकले नाही. तीन दिवस आपण त्यावर बोललो. तिसऱ्या दिवशी तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, बरं, उद्याच्या तालमीला तुमच्या म्हणण्यासारखं करून बघू. मग तुम्ही सगळ्यांना गोळा करून बजावलेत, की उद्या माझ्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मला जिंकल्याचे समाधान वाटले.

पौष वद्यातली ती सकाळ. धुके इतके दाट, की शाळेची भिंत दिसत नव्हती. आपली वीस माणसे वर्तुळांतून फिरून शेवटच्या प्लँकला आली. तुम्ही बाराव्या वर्तुळात उतरलात, माझ्यापासून आठ-दहा हातांवर. मी आरंभ केला. तीन श्लोक झाले. तुम्ही काही बोलला नाहीत. चौथा झाला, पाचवा झाला. माणसे एकेक करून गुडघ्यांवर येऊ लागली, ओशाळून इकडेतिकडे पाहू लागली. तुम्ही छातीवर आला होतात आणि कपाळ मुठींवर टेकले होते. स्वतः प्लँक करताना तशी तुमची सवयच होती. "बास" म्हणण्याआधी तुम्ही क्षणभर तसेच टेकत असा.

मला वाटले, तुम्ही मला धडा शिकवीत आहात. एकाच्याच मुखातली आज्ञा पाहिजे ना, मग ती येईपर्यंत म्हणत राहा. आणि मीही हट्टाने म्हणत राहिलो. तीनानंतर अकरा श्लोक. ते मी मागाहून मोजले. मंगलाक्काने पुढे मला सांगितले की सातव्याला तिने तोंड उघडले होते आणि मिटले. नियम तो नियम, असे तिला वाटले.

त्यांतल्या अकराव्या श्लोकाच्या शेवटी विज्ञान शिकविणारे हुक्केरी सर काही न बोलता उठून तुमच्याकडे चालत गेले.

डॉक्टरांनी सांगितले, हृदय बहुधा एकदमच थांबले. मी विचारले, दोन-अडीच मिनिटे आधी कळले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी मला दोष दिला नाही आणि सोडलेही नाही. मीही त्यानंतर कुणाला विचारले नाही.

तुमच्या घरी भन्तेजींनी वंदना म्हटली तेव्हा मी कोपऱ्यात हात जोडून बसलो होतो. पाली मला निम्मी कळत होती. दुसऱ्या घरात वाढलेल्या नातलगासारखे ते शब्द ओळखीचे वाटत होते. तर्पण करावे असे माझ्या मनात होते, पण तुमच्या धम्माचा मान राखून मी केले नाही. मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. गाथा चालू असताना मी नकळत सेकंद मोजीत होतो, आणि प्रत्येक गाथेच्या शेवटी कान तुमच्या आवाजाकडे लागत होते.

सहाव्या दिवशी सुजाताने निरोप पाठविला की मैदान बंद ठेवू नका, अप्पांना ते आवडणार नाही. आम्ही गेलो. मी पाहिले, ते प्रथम मीच पाहिले. सगळ्या मैदानावर दव होते, गवताच्या पात्यापात्यावर. बाराव्या वर्तुळात मात्र दोन जागा कोरड्या होत्या. कोपरापासून मुठीपर्यंत, दोन समांतर पट्टे. फक्कीच्या कडेवर पावलाची खूण नव्हती. मी कुणाला दाखविले नाही. दुसऱ्या दिवशी ते मंगलाक्काला दिसले. ती तिथेच थांबली, पदर डोक्यावर घेतला, आणि वर्तुळाला वळसा घालून आपल्या जागी गेली. हुक्केरी सरांनी वाकून बोट लावले आणि म्हणाले, फक्की ओल शोषते, तसे काही असेल. पण पट्ट्यांत फक्की नव्हती, हे त्यांनाही दिसत होते. त्यांनी बोट रुमालाला पुसले आणि रुमाल खिशात न ठेवता हातातच धरला.

त्याच आठवड्यात आणखी एक झाले. मी मोजीत होतो आणि थांबविणारे कुणी नव्हते. मी ठरविले होते की तीन श्लोकांवर आपणच थांबायचे. पण दुसरा श्लोक अर्ध्यावर असतानाच सगळे एकदम उठून उभे राहिले. वीसच्या वीस. उरलेला अर्धा श्लोक मी मनात पुरा केला. हुक्केरी सरांना वाटले, मीच "बास" म्हणालो. मला वाटले, मंगलाक्का म्हणाली. मंगलाक्का म्हणाली, "मी न्हाय वो. माझ्या मागनं आला आवाज." तिच्या मागे शाळेची भिंत होती. आणि तेवढ्यात टोकाच्या वर्तुळातली एक बाई हात कपाळाला लावून खाली बसली. तिला घेरी आली होती. आणखी एक श्लोक झाला असता, तर ती तोंडावर पडली असती.

हुक्केरी सर म्हणाले, एक जण उठला की बाकीचे उठतात, मेंढरांचा कळप तसाच असतो. त्यांचे म्हणणे खरेही असेल. पण मी त्या दिवशी घरी जाताना, खरे सांगतो, भ्यालो नव्हतो. मला आधार वाटला होता. तुम्ही पाहता आहात तर मला काही ठरवायचे कारण नाही, असे मी मनाशी म्हणालो. भीती त्या विचाराची वाटायला हवी होती.

तेराव्या दिवशी सुजाता तुमची वही घेऊन आली. मैदानाचा नकाशा, बारा वर्तुळे, वारा कुठून येतो, उतार कुठे आहे, पाण्याची घागर कुठे ठेवायची. प्रत्येक व्यायामासमोर तुमच्या अक्षरात एक सोपा पर्याय होता: गुडघे टेकून चालेल, भिंतीला धरून चालेल, नुसते उभे राहिले तरी चालेल. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ होती. "बास म्हणायचा हक्क," त्यापुढे मोकळी जागा, आणि कंसात, "गुरुजींना विचारून."

सुजाता म्हणाली, "अप्पांनी तुमच्यासाठीच ठेवलंय ते. रविवारी लोकं येणार. काय सांगायचं त्यांना?"

मी वही ठेवून घेतली. चार दिवस पेन हातात घेत होतो आणि ठेवीत होतो. 'सर्वांचा' असे लिहिले, तर तो वाद तुम्ही जिंकलात आणि मी तुमचा घात केला, हे दोन्ही एका शब्दात मान्य करावे लागत होते. 'एकाचा' असे लिहिले, तर तो एक कोण? शेवटी मी जागा मोकळीच ठेवली. आवाज येईल, असा माझा भरवसा होता.

काल रविवार होता. चाळीस माणसे आली. जांबोटीचे दोघे मध्यरात्रीच निघून चालत खानापूरपर्यंत आले होते आणि तिथून पुढे बसने. आल्यावर त्यांनी विचारले, एवढं चाललो तो व्यायाम न्हवं, अजून एक हाय का? सगळे हसले. तुम्ही असता तर सर्वांत मोठ्याने हसला असतात. अकरा वर्तुळे भरली. बाराव्यात कुणी उभे राहिले नाही आणि कुणाला सांगावेही लागले नाही. मी मोजत होतो, हुक्केरी सर जागा बदलवीत होते. अकरा फेऱ्यांत प्रत्येक वेळी तिसऱ्या श्लोकाच्या शेवटी सगळे आपोआप थांबले. मला वाटले, तुम्ही आहात.

मग सगळ्यांनी शेवटचा प्लँक घेतला. चाळीस माणसे तोंड खाली करून. धुके पुन्हा उतरले होते. पहिला श्लोक. दुसरा. तिसरा. कुणी हलले नाही. माझे कान शाळेच्या भिंतीकडे लागले होते. चौथा. माझा आवाज मला थांबविता येईना. पाचवा. कुणाचा तरी श्वास कण्हल्यासारखा ऐकू आला. सहाव्या श्लोकाला मला जाणवले की ही माणसे माझ्यासाठी ताटकळलेली नाहीत, ती तुमच्या आवाजासाठी ताटकळली आहेत, आणि तुम्ही येणार नाही. तुम्ही येणार नाही हे मला कळत होते आणि तरी ओठ सातव्या श्लोकाकडे वळले होते.

"बास वो गुरुजी. बास."

मंगलाक्का. ती उठून माझ्यासमोर उभी होती. तिच्या कोपरांना माती लागली होती आणि डोळ्यांत राग होता, तो माझ्यावरचा की स्वतःवरचा, मला ठाऊक नाही. मी थांबलो. सातव्या श्लोकाचा अर्धा भाग तोंडात राहिला. आयुष्यात मी प्रथमच श्लोक अर्ध्यावर सोडला. चाळीस माणसे जमिनीवर आडवी होऊन श्वास सोडू लागली, आणि मग टोकाकडून कुणीतरी हसले, आणि जांबोटीचा एक जण म्हणाला, मी तर चौथ्यालाच म्हणणार होतो, भीती वाटली.

घरी येऊन मी वही उघडली आणि त्या मोकळ्या जागेत 'सर्वांचा' हा शब्द लिहिला. खाली माझे नाव घातले, कारण वाद तुम्ही जिंकला असलात तरी उत्तर माझे होते.

आज पहाटे मी एकटाच मैदानावर गेलो. कालच्या पावलांनी सगळी वर्तुळे पुसट झाली होती, पण बारावे शाबूत होते. त्यातले दव अखंड होते. एकही पाते कोरडे नव्हते. मला हायसे वाटायला हवे होते, पण तसे वाटले नाही. सहा वर्षे रोज येत असलेला माणूस आज आला नाही, एवढेच वाटले.

मग मी काठी बाजूला ठेवली. हवालदार, सहा वर्षांत मी एकदाही खाली उतरलो नव्हतो. मी मोजणारा होतो. आज मी त्या वर्तुळात गुडघे टेकले, कोपरे टेकली, आणि तुम्ही वहीत लिहिलेल्या सोप्या पर्यायाप्रमाणे गुडघे जमिनीवर ठेवूनच शरीर धरले. तोंड खाली केल्यावर एक गोष्ट कळली, जी मला वरून कधी कळली नसती. बळ संपत आले की तिथे मोजणी ऐकू येत नाही. स्वतःचा श्वास कानांत इतका भरतो, की दुसरे काही उरत नाही. त्या सकाळी माझे ते अकरा श्लोक तुमच्यापर्यंत पोहोचले नसावेत. हे सांत्वन आहे की शिक्षा, याचा निर्णय मी करू शकलो नाही.

हात थरथरू लागले. आवाजाची वाट मी पाहिली नाही. "बास," मी म्हणालो, आणि उठलो.

गवतात दोन कोरडे पट्टे उमटले होते, कोपरापासून मुठीपर्यंत. माझ्या बाह्या ओल्या होत्या, म्हणजे ते माझेच. मी काठीने माप घेऊन पाहिले. माझा हात तुमच्यापेक्षा चार बोटे आखूड आहे, हे आपण एकदा हसत ताडून पाहिले होते. पट्टे चार बोटे लांब, तुमच्या हाताच्या मापाचे होते.